सरासरी एकोणीस

नदीची सरासरी काढायची नसते, हे जावयाला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. सरासरी काढायला मात्र पुरेपूर शिकवलं होतं. लहान गावातली शाळा, पत्र्याचं छप्पर, गणिताचे एकच मास्तर आणि त्या मास्तरांचं एकच लाडकं प्रकरण: बेरीज करा, भागा, उत्तराखाली दोन रेघा ओढा. त्या प्रकरणात जावयाला पैकीच्या पैकी मार्क होते. पुढे आयुष्यात पैकीच्या पैकी असं त्याला फारसं कुठे काही मिळालं नाही, त्यामुळे ते प्रकरण त्याने जपून ठेवलं होतं. आणि एका गुरुवारी संध्याकाळी, कुणी मागितलेलं नसताना, बाहेर काढलं.

डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावातून एक साप्ताहिक निघायचं. सहा पानी, दर शुक्रवारी. जावई तिथे उपसंपादक होता. उपसंपादक म्हणजे बातम्या लिहिणं, जाहिराती मांडणं आणि संपादकसाहेबांचा चष्मा शोधून देणं. चौथ्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं एक सदर होतं, मोजून चार ओळींचं: ‘या आठवड्याचं पाणी’. गावाच्या वरच्या अंगाने डोंगरातून नदी उतरते, तिच्यात ट्राउट मासा आहे, आणि उन्हाळा लागला की शहरातून माणसं तो धरायला येतात. खायला नव्हे. दोऱ्यापिसांची खोटी माशी गळाला बांधायची, ती पाण्यावर अलगद उतरवायची, मासा फसला की त्याला हातात घेऊन डोळे भरून बघायचं आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचं. एवढ्यासाठी चार तास बसमधून आदळत येतात.

लग्नाआधी पहिल्यांदा मुलीच्या घरी आला तेव्हा जावयाला हे ऐकून हसू आवरलं नव्हतं. “सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला?” असं त्याने होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं होतं.

सासरे बराच वेळ गप्प राहिले. इतका वेळ, की जावयाला वाटलं, आटोपलं, आता ही मुलगी काही आपल्याला मिळत नाही. मग ते म्हणाले, “तुम्ही वर्तमानपत्रात आहात ना? दर आठवड्याला एखादी बातमी पकडता, आणि साहेब म्हणाले की सोडून देता. तसंच हे.”

या सासऱ्यांना सगळं गाव शंभरकाका म्हणायचं. मूळचे ते घड्याळजी. बाजाराच्या रस्त्यावर दोन हात रुंदीचं दुकान, काचेमागे लटकणारी घड्याळं, डोळ्याला भिंग. पुढे लोकांच्या मनगटावरची घड्याळं गेली, खिशात फोन आले, आणि दुकानात फक्त बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं येऊ लागली, तीही वाडवडिलांची आठवण म्हणून. काकांनी दुकान मोडलं, पण टेबल घरी आणलं. तेच टेबल, तेच भिंग, तोच चिमटा. फक्त आता त्या टेबलावर ते माश्या बांधू लागले. लहानशा शिकंज्यात गळाचा आकडा अडकवायचा, काळा रेशमी दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेचं पीस फिरवायचं, शेवटच्या गाठीवर सुईच्या टोकाने लाखेचा थेंब. मुंगी, नाकतोडा, पाण्यावर नाचणारं चिलट. ज्या बोटांनी तीस वर्षं काटे बसवले ती बोटं आता पाय बसवत होती. गळ-दोऱ्या विकणाऱ्या गळवाल्याच्या दुकानात त्यांची माशी वेगळ्या डबीत ठेवलेली असे आणि दीडपट भावाने खपत असे.

‘शंभर’ हे नाव मात्र थर्मामीटरमुळे पडलं. रोज पहाटे पाचला आणि रोज दुपारी तीनला काका पुलाखालच्या डोहावर जात, पितळी नळीतला थर्मामीटर सुतळीने पाण्यात सोडत आणि मनातल्या मनात शंभर मोजत. त्याआधी वर काढायचा नाही. कुणी हाक मारली तरी नाही, विंचू चावला तरी नाही. एकतीस वर्षं. ती सवय अंगात इतकी मुरली की साधं “चहा घेणार का?” विचारलं तरी ते आधी शंभरातले निदान तीस मोजत. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, “यांचा होकार येईपर्यंत दूध नासतं.”

हे मोजणं काही छंदापोटी नव्हतं. ट्राउट हा थंडीचा जीव. पाणी तापलं की त्यात श्वास उरत नाही. अशा पाण्यात मासा गळाला लागला, दमला आणि तुम्ही प्रेमाने सोडून दिला, तर तो तुमच्यासमोर शेपूट हलवत ऐटीत निघून जातो. तुम्ही खूश. दोन तासांनी तो एखाद्या दगडाआड मरतो, आणि ते तुम्हाला कधीच कळत नाही. म्हणून गावात एक म्हण झाली होती, काकांनीच रुळवलेली: विसाच्या आत गळ, विसाच्या वर पळ. वीस अंश ही रेघ. शुक्रवारी साप्ताहिक आलं की गळवाला ते चौकोनी कात्रण दुकानाच्या काचेला चिकटवायचा, आणि शहरातून आलेली माणसं आधी ते वाचायची, मग पिशव्या उघडायची.

तर त्या गुरुवारी दुपारी काका नदीवरून थेट कचेरीत आले आणि नेहमीसारखी चिठ्ठी टेबलावर ठेवली. शाळेच्या वहीचा अर्धा कागद, घड्याळजीचं बारीक अक्षर:

‘पहाटे ५ ला १६ अंश. दुपारी ३ ला २२. पाणी गुडघ्याच्या खाली, काचेसारखं. बारीक दोरी, बारीक माशी, लांबून टाकावी. साडेनऊला गळ गुंडाळून घरी जावं.’

“उद्या मी शहरात चाललोय,” काका म्हणाले. “मोतीबिंदू काढायचाय. पोरगी येतेय सोबत. सोमवारपर्यंत तेवढं पाणी तुम्ही मोजा, जावईबापू.”

“मोजतो की, बाबा. त्यात काय अवघड आहे?”

काकांनी थोडं मोजलं. “अवघड काही नाही,” म्हणाले. “फक्त जायला लागतं.”

ते गेले आणि संपादकसाहेबांनी चष्म्यावरून हाक मारली. “अरे, तुझ्या पाण्याची एक ओळ कमी कर. खाली गादीवाल्याची जाहिरात बसवायचीय.”

एक ओळ कमी. जावयाने चिठ्ठी समोर धरली. सोळा आणि बावीस. दोन आकडे बघून वाचणारा गोंधळतो, असं त्याला वाटलं. नेमकं सांगायचं तर, त्याला घरी जायची घाई होती आणि त्याला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. सोळा अधिक बावीस अडतीस. भागिले दोन. त्याने खाली दोन रेघा ओढल्या नाहीत एवढंच. छापलं ते असं: ‘नदीचं पाणी सरासरी १९ अंश. पातळी कमी, पाणी स्वच्छ. बारीक माशी वापरावी. मासेमारीस योग्य.’

‘मासेमारीस योग्य’ हे शब्द त्याचे स्वतःचे. ओळ पुरी भरत नव्हती म्हणून घातलेले. साडेनऊची ओळ गादीखाली गेली.

शनिवारी पहाटे पाचला जावई नदीवर जाणार होता. सातला गेला. सतरा आकडा वहीत लिहिला. दुपारी तीनला ऊन इतकं होतं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. बायको शहरात, घर रिकामं, गच्च पडदे ओढून तो आडवा झाला. रस्त्यावरून माणसं हसत, बूट वाजवत पुलाकडे जात होती ते त्याने झोपेत ऐकलं. बरं वाटलं त्याला. गावाला चार गिऱ्हाइकं मिळतायत, असंही त्याच्या मनात आलं.

रविवारी मात्र तो पाचला पोचला. शरमेने म्हणा. पुलाखालचा तो डोह असा आहे की त्याच्या वरच्या कोपऱ्यात, काळ्या खडकाखालून, थंड पाण्याचा एक पाझर येतो. कडक उन्हाळ्यात नदीभरचे मासे त्या पाझराच्या तोंडाशी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, टंचाईत नळावर माणसं राहतात तसे. तिथे गळ टाकणं म्हणजे दवाखान्याच्या रांगेत शिरून खिसे कापणं. गावातलं कुणी टाकत नसे. पण शनिवारची माणसं गावातली नव्हती, आणि त्यांच्याजवळ कात्रण होतं.

जावयाने थर्मामीटर सोडला आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. समोर पाण्यात पांढरं काहीतरी होतं. कागद असतील असं त्याला वाटलं. तेवीस, चोवीस. एक पांढरं वळलं आणि त्याला डोळा दिसला. चाळिशीपर्यंत येता येता त्याच्या लक्षात आलं की आपण थर्मामीटरसाठी मोजत नाही आहोत, मासे मोजतोय. एकसष्टला ते संपले. उरलेले एकोणचाळीस आकडे त्याने तरी मोजले, कारण आता थांबलं तर काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

काही मासे त्याच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होते. सगळ्यांची पोटं वर. जबड्याच्या कडेला आकड्याचं बारीकसं छिद्र, आणि बाकी अंगावर ओरखडा नाही. फार प्रेमाने सोडले होते लोकांनी.

सोमवारी संध्याकाळी काका परत आले. एका डोळ्यावर पांढरी पट्टी. तोवर गावाने निकाल लावून टाकला होता. बसस्थानकावरच पानपट्टीवाल्याने बातमी दिली, आणि घरी पोचल्यावर चहाही न घेता काका म्हणाले, “जावईबापू, शुक्रवारचं पाणी वाचून दाखवा.”

जावयाने अंक काढला. दुसरं काही वाचावं का, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. डोळा बांधलेला आहे, कोण बघतंय? पण बायको समोर पिशव्या सोडत उभी होती. त्याने होतं तेवढं सगळं वाचलं.

खोलीत भिंतीवर तीन घड्याळं होती, तिन्ही काकांनी दुरुस्त केलेली, पण एकमेकांशी न जुळणारी. एकामागून एक तिन्ही वाजली.

“कशाची सरासरी?” काकांनी शेवटी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरोखरच प्रश्न होता.

“सकाळची आणि दुपारची, बाबा.”

“हां,” काका म्हणाले. “पण मासा दुपारी मरतो हो. सरासरीत नाही मरत.”

मंगळवारी काकांना दुकानात माश्या द्यायच्या होत्या. पट्टीमुळे हात धरायला जावई सोबत गेला. गळवाल्याने माश्यांची डबी घेतली, मोजली नाही, बाजूला ठेवली. काचेवरचं कात्रण त्याने आधीच खरवडून काढलं होतं. चिकटपट्टीच्या चार खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

“काका, तुमच्यावर बोट ठेवायचं म्हणजे मलाच वाईट वाटतं,” गळवाला म्हणाला. “पण एकसष्ट मासे! मासेमारी मंडळाची माणसं सकाळपासून माझ्या डोक्यावर बसलीयत. म्हणतात, म्हाताऱ्याच्या डोळ्यात पडदा आला होता, बावीसचा एकोणीस वाचला असणार. आता मी काय सांगू त्यांना?”

जावयाने तोंड उघडलं. ते उघडलेलं राहिलं. आत शब्द तयार होता, ‘मी’ एवढाच. याहून लहान शब्द भाषेत नसेल. तो बाहेर पडायच्या आत काका बोलले, आणि तेही न मोजता. त्यांच्या एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“हो,” ते म्हणाले. “पडदा होता.”

परत येताना दोघं बाजाराच्या रस्त्याने निघाले. काकांचं बंद झालेलं दुकान लागलं. तिथे आता फोनची कव्हरं मिळायची.

“बाबा, तुम्ही असं का सांगितलंत?”

एक विजेचा खांब गेला, दुसरा गेला. “तुमची वर्षाची मुदत कधी संपते? नोकरीची?”

“पुढच्या महिन्यात. मग कायम करतील.”

“मग,” काका म्हणाले. पुढे आणखी एक खांब गेल्यावर म्हणाले, “पण तेवढ्या दोन ओळी छापा, जावईबापू. कुणाची चूक ते नका लिहू. नुसतं लिहा, त्या दिवशी पहाटे सोळा होतं, दुपारी बावीस. आकडा खरा होता, एवढंच. नाहीतर पुढे मी काहीही सांगितलं तरी लोक डोळ्याकडे बघतील.”

“छापतो, बाबा. या शुक्रवारीच.”

दोन ओळी. जावयाने त्या बुधवारीच लिहून काढल्या, सुरेख अक्षरात, आणि संपादकसाहेबांपुढे ठेवल्या. साहेबांनी चष्मा शोधला, जावयाने तो दिला, साहेबांनी वाचलं.

“हे काय?”

“दुरुस्ती आहे, साहेब.”

“दुरुस्ती छापली म्हणजे आपण चुकलो असं होतं.”

“चुकलोच आहोत ना, साहेब.”

“आपण?” साहेबांनी चष्मा काढला. “मी ऐकलं की म्हाताऱ्याने दुकानात चारचौघांत मान्य केलंय. त्यांनी मान्य केलं, गाव शांत झालं, आणि तू आता जखमेवरची खपली काढतोस? बरं, समजा छापलं. लोक विचारतील, मग एकोणीस कुणी लिहिलं? मी काय सांगू? पुढच्या महिन्यात तुझा कागद माझ्याकडे सहीला येणार आहे, तेव्हा काय सांगू?”

“नाही, म्हणजे...”

“घडी घाल आणि ठेव खिशात. जागा झाली की बघू.”

जावयाने घडी घातली. माणूस बुडतो तेव्हा हातपाय मारतो म्हणतात. हा बुडताना घडी घालत होता, तीही काठाला काठ जुळवून.

त्या शुक्रवारी दुरुस्ती आली नाही, पुढच्याही नाही. काकांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर जावयाला बरं वाटलं असतं, सबबी त्याच्याकडे तयार होत्या. पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, नजर एकदम स्वच्छ. काका पुन्हा पहाटे पाचला नदीवर जाऊ लागले, दुपारी तीनला जाऊ लागले, चिठ्ठी लिहू लागले, पण ती कुणी घेईना. मंडळाने पुलाच्या खांबाला एक यंत्र बसवलं होतं. बसवायला आलेला तरुण अधिकारी फार नम्र होता, काकांना नमस्कार करून गेला. यंत्राला लहानशी काच होती आणि तिच्यात लाल आकडा दिसायचा. पहिल्याच दिवशी काका दुपारी तीनला त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांच्या थर्मामीटरमध्ये तेवीस. यंत्रात एकोणीस पूर्णांक चार दशांश.

“हे बिघडलंय,” त्यांनी त्या अधिकाऱ्याला फोनवरून सांगितलं.

“नाही काका, ते चोवीस तासांची सरासरी दाखवतं,” पलीकडून उत्तर आलं. “लोकांना एकच आकडा सोपा जातो. तुमच्या गावच्या पेपरातही तसंच छापतात ना?”

हे जावयाला बायकोकडून कळलं. ती भांडी पुसत होती. एकेक भांडं ओट्यावर ठेवताना गरजेपेक्षा जरा जास्त आवाज येत होता.

“तू छापणार होतास ना काहीतरी?” ती म्हणाली.

“जागा नव्हती गं.”

“गादीवाल्याला जागा आहे.”

“तो पैसे देतो. आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. मी एकदा कायम झालो ना, मग बघ, पहिली गोष्ट...”

“ऐक,” ती म्हणाली, आणि हातातलं भांडं हळूच ठेवलं. ते जास्त वाईट होतं. “माझ्या बापाचे डोळे आता बरे झालेत. त्यांना सगळं लख्ख दिसतंय. ऑपरेशन तुझंच राहिलंय.”

जावयाने ते भांडं उचलून फळीवर ठेवलं. वादात तो सहसा हरत नसे.

उन्हाळा सरता सरता वरून येणारं पाणी आणखी बारीक झालं. डोंगरावर त्या वर्षी बर्फ नावाला पडला होता. नदी दगडादगडांत अडखळत चालायची, काठाचा चिखल भेगाळला. शनिवारी माणसं येतच होती. यंत्राचा लाल आकडा विसाच्या आत होता. सोमवारी पहाटे काका डोहातले पांढरे मासे काठीने ओढून घेत आणि वाळूत पुरत. आधी बारा असायचे, मग पाच, मग दोन. गळवाला म्हणाला, “बघा, मरायचे कमी झाले.” तो हे मनापासून म्हणाला.

जावई कायम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला पहाटे हाक मारली. “येता का नदीवर?”

त्या दोन ओळींनंतर त्यांनी काही मागितलं नव्हतं. जावई शर्टाची बटणं लावतच निघाला. डोहाशी पोचले तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. काका सवयीच्या दगडावर बसले, थर्मामीटर सोडला. जावई मागे उभा राहून त्यांच्याबरोबर मोजू लागला. मोजता मोजता त्याचं लक्ष काळ्या खडकाकडे गेलं. पाझर बंद होता. खडकाला नुसता ओला डाग होता, आणि त्यावर एक माशी बसली होती, खरी.

शंभरला काकांनी सुतळी ओढली. नव्या डोळ्याने वाचलं. मग थर्मामीटर जावयाकडे दिला. “तुम्ही वाचा.”

“एकवीस,” जावई म्हणाला.

“पहाटेचं,” काका म्हणाले. “पहाटेचं कधी वीस ओलांडलं नव्हतं. एकतीस वर्षांत नाही.”

त्यांनी पिशवीतून वही काढली, पण आजची नव्हे. जुनी, पहिली, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेली. पहिलं पान उघडून दाखवलं. तिथे अंश नव्हते, वेळ नव्हती. एका दिवसाखाली फक्त एक शब्द लिहिलेला होता: ‘अकरा’.

“हे काय, बाबा?”

“मासे. मी मारलेले. असाच उन्हाळा होता, दुपारची वेळ. त्या पाझराशीच. एकामागून एक लागत होते. मला वाटलं, काय हात आहे आपला! सगळे सोडले, एकही घरी नेला नाही. दुसऱ्या दिवशी माझा डबा काठावर राहिला होता तो आणायला आलो.” काकांनी पाण्याकडे बघितलं. “कुणाला कळलं नाही. मीही सांगितलं नाही. तिच्या आईलासुद्धा नाही. त्याच आठवड्यात थर्मामीटर घेतला. वाटलं, मोजत राहिलो की फिटेल कधीतरी.”

जावयाला वाटलं आता ते म्हणतील, तुम्हीही मोजा. ही वही तुम्ही पुढे चालवा. असं काहीतरी तो ऐकायला तयार होता. खरं तर आसुसलेला होता. ते म्हटलं असतं तर त्याने उद्यापासून पाचला उठायची शपथ घेतली असती, आणि पाळलीही असती, निदान महिनाभर.

काकांनी वही मिटली. “एवढ्या वर्षांत आकडा मोठा मात्र होत गेला,” ते म्हणाले. “सकाळी सोळा आणि दुपारी बावीस होतं, तेव्हा मधे काहीतरी होतं हो. पहाट तरी त्यांची होती. आता पहाटे एकवीस, दुपारी चोवीस. आता काढा तुम्ही सरासरी. खुशाल काढा. आता काही बिघडत नाही.”

त्यांनी थर्मामीटर पुसला, पितळी नळीत सरकवला, झाकण फिरवलं. पाण्यात काहीच हललं नाही. पूर्वी या वेळी पाण्यावर वर्तुळं उठायची, एक इथे, एक तिथे, जणू कुणी खालून बोट लावतंय. जावयाने त्यातलं एखादं दिसेल म्हणून उजाडेपर्यंत बघितलं.

त्या दिवसानंतर काका नदीवर गेले नाहीत. कुणी कारण विचारलं तर मोजत राहत, आणि विचारणारा कंटाळून निघून जाई. माश्या बांधणंही थांबलं. शिकंजा पुसून कपाटात गेला. फक्त तो आत जाण्याआधी त्यांनी एक शेवटची बांधली, तांदळाच्या दाण्याएवढी काळी मुंगी, कमरेत करडं पीस, आणि ती जावयाच्या तळहातावर ठेवली.

अवघड झालं की जावई विनोद करायचा. “याचं काय द्यायचं, बाबा?”

या वेळी काकांनी पूर्ण शंभर मोजले असावेत. तिन्ही घड्याळं आपापल्या वेळेला वाजून गेली.

“दोन ओळी,” ते म्हणाले.

ती मुंगी अजून कचेरीत जावयाच्या टेबलावर, पेनं ठेवायच्या डब्याच्या काठाला अडकवलेली आहे. गुरुवारी मंडळाकडून आकडा येतो, एकच, दशांशासकट. जावई तो बसवतो. गादीवाल्याने जाहिरात बंद केली, तेव्हापासून चौथ्या पानावर खाली उजवीकडे जागा उरते, नेमकी दोन ओळींची.

“तिथे एखादी रेघ ओढ,” साहेब म्हणतात. “मोकळं बरं नाही दिसत.”

जावई खिशाला हात लावतो. घडी आता काठावर फाटायला आलीय. मग तो रेघ ओढतो.